खाड्याचा रकाना: भोसरीतल्या एका लाइन ऑपरेटरच्या बारावीचं प्रकरण

जून २०२४ मधला एक रविवार. संपर्कसत्र संपलं, बाकडी रिकामी झाली, तरी एक ताई मागे थांबल्या. पिशवीतून दोनशे पानी वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि शेवटची पानं उघडून दाखवली. दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च तिथे टिपून ठेवला होता. पट्टीने आखलेले चार रकाने: फी, पुस्तकं-झेरॉक्स, गाडीभाडं आणि खाडे. पहिल्या तीन रकान्यांखाली बेरीज होती. चौथ्याखाली नव्हती.

"ती तुम्ही करा मॅडम. मला ती करवत नाही," त्या म्हणाल्या.

मी भोसरीच्या बाजूला मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवते. आमच्याकडे याला समुपदेशक म्हणतात. समोर बसणारी माणसं आठवडाभर कारखान्यात, दुकानात, लोकांच्या घरी राबून आलेली असतात. प्रौढांच्या शिक्षणाला आणि कौशल्य प्रशिक्षणाला सरकार पैसा देतं, बऱ्यापैकी देतं. तो पैसा या बाकड्यांपर्यंत कसा पोचतो आणि कुठे अडतो, हे मला या एका वहीतून जेवढं कळलं तेवढं कुठल्या बैठकीत कळलं नाही. म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहिते आहे. ताईंनी वही वापरायला परवानगी दिली आहे. नाव मात्र नको म्हणाल्या. कंपनी, कंत्राटदार आणि प्रशिक्षण केंद्र यांचीही नावं मी गाळली आहेत.

काम येतं, कागद नाही

ताई भोर तालुक्यातल्या. २००४ साली दहावी पास झाल्या. पुढचं कॉलेज गावापासून लांब, त्यात घरात धाकटी भावंडं. लवकरच लग्न झालं आणि त्या भोसरीला आल्या. नवरा टेम्पो चालवतो, दोन मुलं आहेत. २०१३ पासून एका कंत्राटदारामार्फत वायरिंग हार्नेसच्या लाइनवर कामाला आहेत.

हार्नेस म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डमागून, दारांमधून, बॉनेटखालून जाणारा तारांचा जुडगा. लाकडी बोर्डावर खिळे ठोकलेले असतात. त्यावरून रंगारंगाच्या तारा ठरलेल्या वाटेने न्यायच्या, टोकाचं टर्मिनल कनेक्टरच्या खाचेत घालायचं, टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज येऊनही एखादं टर्मिनल नीट बसलेलं नसतं. ताई प्रत्येक तार अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून जरा मागे ओढतात. त्या एका ओढीत त्यांना कळतं. टेस्टिंगच्या टेबलावर जाऊन परत येणारा माल त्यांच्या लाइनवरून कमी येतो, आणि हे सुपरवायझरलाही ठाऊक आहे. नवी मुलगी आली की तिला आठ-दहा दिवस ताईंच्या शेजारी उभं करतात.

पण लाइन लीडर व्हायला कंपनीची अट बारावी पास. ताईंच्या डोळ्यांसमोर त्यांनीच शिकवलेल्या दोन मुली लीडर झाल्या. "शिकवायचं मी आणि सही करायची तिनं," एवढंच त्या पहिल्या भेटीत बोलल्या होत्या.

आता पगाराची रचना सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्यांना दिवसाला ४९० रुपये हाती पडत. शिवाय महिनाभर एकही खाडा झाला नाही तर ८०० रुपये हजेरी बोनस. म्हणजे महिन्यातला पहिला खाडा ४९० चा नसतो, १,२९० चा असतो. एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. योजना लिहिणाऱ्यांना सांगावं लागतं.

माझी चूक

जून २०२२ मध्ये ताई पहिल्यांदा केंद्रावर आल्या. "बारावी नाही, पुढं शिकायचंय," म्हणाल्या. मी लगेच पूर्वतयारीचा फॉर्म पुढे केला.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांना पदवीपर्यंत नेणारी पूर्वतयारीची वाट ही त्यातली फार मोठी गोष्ट आहे. हजारो लोक त्या वाटेने पदवीधर झाले. पण पूर्वतयारी ही पदवीच्या दाराशी नेणारी पायरी आहे. ती बारावी नव्हे. ज्याला पदवी हवी त्याने ती घ्यावी. ज्याच्या नोकरीच्या अटीत 'बारावी पास' असे शब्द लिहिले आहेत, त्याचं काम तिने होत नाही.

कशासाठी शिकायचं आहे, हा प्रश्न मी विचारलाच नाही. ताईंनी वर्षभर अभ्यास केला, परीक्षेसाठी दोन खाडे केले, पास झाल्या. जुलै २०२३ मध्ये तो कागद घेऊन त्या कंपनीच्या एचआरकडे गेल्या. तिथल्या मुलाने तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि परत दिला. "ही बारावी नाही ताई."

त्या वर्षाची भरपाई मला करता येणार नाही. तेव्हापासून केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट विचारते: हा कागद कुणाला दाखवायचा आहे? प्रवेशाचा फॉर्म नंतर.

मोफत कोर्स

त्याच पावसाळ्यात त्यांच्या वस्तीत एका प्रशिक्षण केंद्राचा मोबिलायझर, म्हणजे कोर्ससाठी माणसं गोळा करणारा, फिरत होता. सरकारी योजनेतला असेंब्ली ऑपरेटरचा कोर्स, ३४० तास, पूर्ण मोफत, वर सर्टिफिकेट. रोज चार तास, सकाळी दहा ते दोन. ताईंनी विचारलं, मग कामाचं काय? तो म्हणाला, बसायची गरज नाही, फक्त सकाळी येऊन अंगठा लावून जा, बाकी आम्ही बघतो.

नोंदणीसाठी त्या एका रविवारी गेल्या. बायोमेट्रिक मशीनवर उजवा अंगठा ठेवला. घेतला नाही. पुसून ठेवला, परत नाही. डावा ठेवला, तोही नाही. दहा वर्षं तारा ओढून ओढून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. मोबिलायझर म्हणाला, तेल लावून उद्या या. ताई घरी आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. मला सांगताना म्हणाल्या, "अंगठा लागला असता तरी नसते गेले. न शिकता शिकले म्हणून लिहायचं, ते नको वाटलं."

इथे सगळा राग त्या पोरावर काढणं सोपं आहे. पण त्याला तसं बोलायला लावणारा हिशेब वर ठरतो. केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये कौशल्य योजनांसाठी समान निकष ठरवले. अभ्यासक्रमांची तीन गटांत वाटणी केली आणि दर ठरवला ताशी, माणशी. पहिल्या गटाला ३८.५० रुपये, दुसऱ्याला ३३, तिसऱ्याला २७.५०. पुढे हे दर वाढले. पैसे केंद्राला टप्प्याटप्प्याने द्यायचे: ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के परीक्षा आणि प्रमाणपत्रानंतर, २० टक्के नोकरी लागल्यावर. बॅचमधल्या किमान ७० टक्के प्रमाणित लोकांना तीन महिन्यांत काम मिळालं पाहिजे, अशीही अट.

या रचनेमागचा हेतू चांगला आहे, हे मी मनापासून म्हणते. नुसते वर्ग भरवून अनुदान लाटण्याला आळा बसावा म्हणून पैसा निकालाशी बांधला. बायकांच्या येण्याजाण्याच्या खर्चाचीही तरतूद निकषांत आहे. पण या रचनेने गृहीत धरलेला माणूस पाहा. त्याला दिवसाचे चार तास मोकळे आहेत आणि त्याला नोकरी नाही. आधीच कामावर असलेली, त्याच कामात तरबेज असलेली बाई या हिशेबात बसतच नाही. वर्गाला ती येऊ शकत नाही, आणि नोकरी 'लागली' म्हणून तिची नोंदही करता येत नाही. बॅच भरायला मात्र तिचा अंगठा चालतो.

२०१५ च्या जुन्या दराने धरलं तरी ३४० तासांचे माणशी १३,०९० रुपये होतात. हा आकडा लक्षात ठेवा.

अनुभवाचं प्रमाणपत्र

कामावर असलेल्यांसाठी सरकारकडे वेगळी वाट आहे, आणि ताईंसारख्यांसाठी तीच खरी. आरपीएल म्हणतात तिला. आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत साधारण १२ तासांची ओळखशाळा, मग चाचणी, आणि पास होणाऱ्याच्या खात्यावर थेट ५०० रुपये अशी पद्धत होती. ती चाचणी मालकाच्या आवारातही घेता येते. म्हणजे लाइनवरच, खाडा न होता.

ऑगस्टमध्ये ताईंनी सुपरवायझरला विचारलं. त्याने कंपनीच्या एचआरकडे पाठवलं. एचआर म्हणालं, तुम्ही आमच्या रोलवर नाही, कंत्राटदाराला सांगा. कंत्राटदार म्हणाला, जागा कंपनीची, लाइन कंपनीची, मी कुठे परीक्षा घेऊ? दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळवड्याच्या पट्ट्यात लाइनवरची कितीतरी माणसं अशी दोन मालकांच्या मधल्या फटीत उभी आहेत. मालकाच्या संमतीवर चालणारी योजना त्या फटीत पडते आणि तिथेच राहते.

आणि आरपीएल झालं असतं तरी एचआरच्या टेबलावर प्रश्न तोच राहिला असता: बारावी कुठे आहे? २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळा, कॉलेज, कौशल्य आणि अनुभव यांचं शिक्षण एकाच मापाने मोजायचं ठरलं आहे. ३० तासांना एक क्रेडिट, वर्षाला १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. मला तो आराखडा पटतो. ताईंच्या लाइनपर्यंत तो अजून आलेला नाही.

सतरा नंबर

उरली ती जुनी, सगळ्यांना माहीत असलेली वाट: सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी. दहावी होऊन एकोणीस वर्षं झाली होती, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. अडचण कागदांची होती. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा. तो गावच्या शाळेत. शाळा रविवारी बंद. पहिला खाडा तिथे झाला: स्वारगेटहून भोरची एसटी, तिथून वडापने गाव, आणि संध्याकाळी दाखला घेऊन परत. दुसरा खाडा फॉर्मची प्रत ठरवून दिलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात जमा करायला. तिसरा परीक्षेच्या अर्जासाठी. तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांत, म्हणजे तीन वेळा बोनस गेला. एका महिन्यात झाले असते तर १,६०० रुपये वाचले असते. तारखा वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात. ताईंच्या हजेरीपत्रकाशी त्यांची गाठ घालणारं कुणी नसतं.

विषय घेतले इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, सहकार. इंग्रजीची धास्ती होती. त्यांची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने कवितांचा अर्थ मराठीत मोबाइलवर रेकॉर्ड करून दिला. जेवणाच्या सुट्टीत ताई डबा खाता खाता एका कानात ते ऐकत. लाइनवर मोबाइल चालत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तोंडी परीक्षा आणि प्रकल्पाचे दोन दिवस. २१ फेब्रुवारीला, बुधवारी, इंग्रजीच्या पेपरने लेखी सुरू झाली आणि मार्चमध्ये संपली. एकूण सहा पेपर. सुट्टी मागायला गेल्यावर कंत्राटदाराच्या माणसाने सांगितलं, जा, पण खाडा लागेल.

खरं तर लागायला नको होता. तेव्हा लागू असलेला कारखाना कायदा १९४८, कलम ७९: वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. ताईंचं काम वर्षाला २८० दिवसांच्या आसपास भरतं, म्हणजे चौदा दिवस त्यांच्या हक्काचे. पण त्यांच्या ओळखीत पगारी रजा कुणी घेत नाही. तिचे पैसे दिवाळीच्या पगारात एकरकमी येतात, आणि ते पैसे आधीच कुठे तरी लावलेले असतात. "रजा म्हणजे दिवाळीचं वाण आहे आमच्यात," ताई म्हणाल्या. घ्यायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. कलम मलाही नंतर कळलं.

२१ मे ला दुपारी एक वाजता निकाल लागला. तीच जेवणाची सुट्टी. ५६ टक्के. इंग्रजीत ४३. डबा तसाच राहिला, असं त्यांच्या लाइनवरच्या एकीने मला सांगितलं.

चौथ्या रकान्याची बेरीज

आता वहीकडे येते. दोन वर्षांची फी ३,४५० रुपये. पुस्तकं आणि झेरॉक्स १,३८०. गाडीभाडं १,४१०. तीन रकाने मिळून ६,२४०.

चौथ्यात तेरा तारखा होत्या. पूर्वतयारीच्या दोन, सतरा नंबरच्या अकरा. तेरा गुणिले ४९० म्हणजे ६,३७०. खाडे पडलेले महिने सहा, त्यांचा बुडालेला बोनस ४,८००. एकूण ११,१७०.

मी आकडा पेन्सिलीने लिहिला. ताईंनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे फीच्या तिप्पट." तिप्पटीहून जास्त.

वर लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा इथे मांडा. दहा वर्षं जे काम त्या करत होत्या तेच त्यांना शिकवण्यासाठी सरकार एका केंद्राला जुन्या दराने १३,०९० रुपये द्यायला तयार होतं. ज्या शिक्षणाने त्यांचं पद बदललं त्यासाठी त्यांच्या खिशातून ११,१७० रुपये मजुरीच्या रूपाने गेले. त्याची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नाही, कारण ती फी नाही. पावती नसलेला खर्च सरकारला दिसत नाही.

सगळी मदत पाहिली तर ती फीभोवतीच फिरते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांचाही समावेश आहे, ही चांगली गोष्ट. तिथेही मिळतं ते शुल्क आणि पुस्तकांची रक्कम. ताई त्या प्रवर्गात बसत नव्हत्या. जुलै २०२४ मध्ये मुलींना उच्च शिक्षण मोफत झाल्याची बातमी टीव्हीवर ऐकून त्या धावत आल्या. शासन निर्णय वाचून मला सांगावं लागलं, की ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे, मुक्त विद्यापीठाच्या बीएला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. चहाचे कप उचलून धुवून आणले.

शिकणाऱ्याच्या वेळेचे पैसे द्यायचे नसतात, असं सरकारचं धोरण आहे का? तसंही नाही. त्याच जुलैत आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत सहा महिने शिकणाऱ्याला थेट विद्यावेतन मिळत होतं: बारावी पासला ६,००० रुपये महिना, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००. २०१६ पासून चालू असलेल्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, भार उचलतं. म्हणजे शिकताना माणसाचं पोट चालावं लागतं हे मान्य आहे. पण कार्यप्रशिक्षण योजनेची वयोमर्यादा १८ ते ३५. ताई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या, आणि नोकरीत होत्या. दोन्ही बाजूंनी बाहेर.

दुसऱ्या टोकाला साक्षरता आहे. नवभारत साक्षरता कार्यक्रमाला २०२२ ते २०२७ साठी १,०३७.९० कोटी रुपये मंजूर झाले, १५ वर्षांवरच्या कुणालाही त्यात शिकता येतं. तो कार्यक्रम हवाच. आमच्या केंद्रातले दोन विद्यार्थी त्यात स्वयंसेवक म्हणून शिकवतात. पण अक्षरओळख आणि पदवी यांच्या मधोमध जी माणसं आहेत, दहावी झालेली, नोकरीत असलेली, तिशी ओलांडलेली, त्यांच्यासाठी निधीच्या कागदात ओळ सापडत नाही. पुण्याच्या कारखान्यांत तर हीच माणसं जास्त.

हे पुण्यात घडावं याचं मला वाईट वाटतं. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी याच शहरात कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची. ज्याला दिवसा राबायचं आहे त्याला दिवसा बोलावून उपयोग नाही, हे त्यांनी आधी धरलं. १९६७ मध्ये मुंबईत वरळीला पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, कामगारांना त्यांच्या कामाच्या जवळ शिकवण्यासाठी. आजची जन शिक्षण संस्थानं त्याच वंशातली. विचार जुना आहे आणि आपलाच आहे.

काय करता येईल

मोठी गोष्ट आधी. कामगाराला शिकण्यासाठी पगारी रजा मिळावी, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९७४ सालचा आहे, क्रमांक १४०. भारताने तो स्वीकारलेला नाही. स्वीकारावा असं मला वाटतं, पण त्याची वाट बघत बसणं आमच्या रविवारच्या वर्गाला परवडणारं नाही.

तोवर जवळची गोष्ट. ताईंच्या जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात कामगार कल्याण निधीची कपात असते. १९५३ च्या कायद्याने ही वर्गणी कामगार आणि मालक दोघांकडून घेतली जाते. त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, आणि ताईंच्या मुलीला पुढे मिळाली तर मला आनंदच होईल. त्याच निधीतून स्वतः परीक्षेला बसणाऱ्या कामगाराला परीक्षेच्या दिवसांची किमान मजुरी द्यायला काय हरकत आहे? पुरावा म्हणून हॉल तिकीट आणि निकालपत्र पुरे. हे कागद परीक्षा मंडळच देतं, खोटी हजेरी दाखवायला वाव नाही. पैसे थेट खात्यावर. ताईंच्या रोजाने आठ दिवसांचे ३,९२० रुपये. ३४० तासांच्या एका कोर्सच्या खर्चात असे तिघे जण बारावी होतात. बोनसचं नुकसान भरून निघणार नाही, ते कंपनीला सोडवावं लागेल. परीक्षेचा दिवस बोनससाठी खाडा धरू नये, एवढं केलं तरी खूप.

आणि कौशल्य केंद्रांना ताशी दर देताना रविवारच्या आणि संध्याकाळच्या बॅचला जास्त दर द्यावा. नोकरीतल्या माणसाचा निकाल 'नोकरी लागली का' असा न मोजता 'पद किंवा पगार वाढला का' असा मोजावा. हे दोन बदल झाले तर तो मोबिलायझर वस्तीत येऊन वेगळं बोलेल.

पुढे काय झालं

ऑक्टोबर २०२४ मध्ये ताई लाइन लीडर झाल्या. रोल अजून कंत्राटदाराचाच. पगारात महिन्याला १,९०० रुपयांची वाढ. म्हणजे चौथ्या रकान्याचे पैसे सहा महिन्यांत परत आले. पण ते आधी घालावे लागले, दोन वर्षं, आणि तेवढं घालू शकणारं घर लागलं. त्यांच्याच लाइनवरची एक जण त्याच वर्षी इंग्रजीच्या पेपरनंतर थांबली, कारण मार्चचा बोनस तिला सोडता येत नव्हता. तिचं प्रकरण कुणी लिहिणार नाही.

ताईंनी बीएच्या पहिल्या वर्षाला आमच्याकडेच प्रवेश घेतला.

२०२५ च्या परीक्षेसाठी दोन मुलींनी सतरा नंबर भरला, दोघी ताईंच्याच लाइनवरच्या. आता मस्टर ताईंच्या हातात असतं. त्यांनी कारखाना कायद्यातलं कलम ५२ शोधून काढलं. मला त्यांनीच दाखवलं. रविवारी काम केलं तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी देता येत होती. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, इंग्रजीचा पेपर. दोघी मुली ९ तारखेच्या रविवारी कामावर आल्या आणि मंगळवारी त्यांच्या नावापुढे साप्ताहिक सुट्टी लागली. सुपरवायझरने सही केली.

पुढे एकीचे दोन पेपर एकाच आठवड्यात आले. एका रविवारच्या बदल्यात एकच दिवस मिळतो. ताईंनी दोनदा कलम वाचून बघितलं. मग एका दिवसापुढे साप्ताहिक सुट्टी लिहिली आणि दुसऱ्यापुढे, आपल्याच अक्षरात, खाडा.